फ्रीलान्स व्हिसा आणि नोमॅड व्हिसा, सेम नाही न बाप्पा

जुलै म्हणजे आमच्याकडे रिटर्न भरायची गर्दी, आणि त्या गर्दीत माझा भाचा पावसात भिजलेली फाइल घेऊन नागपुरात खामल्याच्या ऑफिसात टपकला. पोरगा घरूनच वेबसाइटा बनवतो, अमेरिकेतली एक कंपनी महिन्याच्या महिन्याला डॉलर पाठवते, नोकरी-बिकरी काही नाही, स्वतःचं बिल स्वतः फाडतो. म्हणे, "मामा, जर्मनीचा फ्रीलान्स व्हिसा काढून राहिलो, तीन वर्षांचे रिटर्न काढून द्या न." फाइल उघडली तर सगळ्यात वर टेक्सासच्या क्लायंटचं पत्र, की आम्ही याच्यासोबत काम चालू ठेवू वगैरे. म्हटलं, बाबू, हा कागद स्पेनच्या नोमॅड व्हिसाच्या फाइलीत सोन्यासारखा आहे, जर्मनीच्या फाइलीत याला वर कशाला ठेवलं? तर म्हणे एजंट बोलला, फ्रीलान्स म्हणा का नोमॅड म्हणा, सगळं सेमच.

इथंच गडबड होते. दोन्हीत स्वतःचं बिल स्वतः फाडणारा बसतो, दोन्हीत लॅपटॉप असतो, म्हणून लोकांना वाटते एकाच व्हिसाची दोन नावं आहेत. पण दोन्ही व्हिसांचा मूळ प्रश्नच उलटा आहे. फ्रीलान्स व्हिसा देणारा विचारतो की आमच्या देशात तुला काम कोण देणार, आणि नोमॅड व्हिसा देणारा बघतो की तुझा पैसा आमच्या देशाच्या बाहेरून येते ना.

पहिले जर्मनी. त्यांच्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात कलम २१ आहे, ते स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी, आणि त्याच्यातलं पोटकलम ५ म्हणजे हा फ्रीलान्स व्हिसा. असं काम करणाऱ्याला जर्मन लोक फ्रायबेरुफ्लर म्हणतात. आता कायद्यात असं कुठं लिहिलं नाही की परदेशी क्लायंट असला तर चालणारच नाही, पण सगळेच क्लायंट बाहेरचे असले तर समोरचा अधिकारी विचारणारच न, की बाबा मग तू नागपुरातच बसून काम कर, इथं कशाला येतो? म्हणून तिथल्या कंपन्यांची पत्रं लागतात. बर्लिनमध्ये निदान दोन तरी मागतात, आणि "आम्हाला याचं काम आवडते" असली गोडगोड पत्रं नाही, तर काम कोणतं, किती आणि पैसे काय देणार हे त्यात आलं पाहिजे. सोबत कमाईचा अंदाज, राहायचा खर्च आणि धड हेल्थ इन्शुरन्स, प्रवासाचा साधा विमा चालत नाही. वय ४५ च्या वर असेल तर म्हातारपणाची काय सोय केली तेही दाखवावं लागते. परमिट मिळालं तर जास्तीत जास्त तीन वर्षांचं.

आणि जर्मनीत आणखी एक भानगड आहे जी एजंट लोक सांगतच नाही. फ्रायबेरुफ्लर म्हणजे कोणीही फ्रीलान्सर नव्हे! डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, इंजिनियर, पत्रकार, अनुवादक, कलाकार अशी यादी त्यांच्या इन्कम टॅक्स कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे, यादीतले आणि त्यांच्यासारखे ते फ्रायबेरुफ्लर, बाकीचे गेवेर्बे, म्हणजे साधा धंदा. गेवेर्बे असला की व्हिसासाठी कलम २१ चं पोटकलम १ लागते आणि तिथं तुमच्या धंद्याची त्या भागाला गरज आहे का, त्याने अर्थव्यवस्थेला काय फायदा, भांडवल कुठून आणणार, असले प्रश्न येतात. टॅक्ससाठी कोण कशात बसते हे तिथलं फिनान्झआम्ट ठरवते, म्हणजे त्यांचं इन्कम टॅक्स ऑफिस. वेबसाइट बनवणारा नेमका मधल्या पट्ट्यात येतो. इंजिनियरसारखं काम दाखवता आलं तर ठीक, तयार टेम्प्लेट लावून दुकानं चढवून देत असला तर धंदावाला. भाच्याला विचारलं तू कोणता, तर डोकं खाजवून राहिला.

आता स्पेन. यांनी २०२२ च्या डिसेंबरात स्टार्टअपचा कायदा केला, क्रमांक २८/२०२२, त्यातून हा नोमॅड व्हिसा आला. इथं टेक्सासचं पत्र एकदम फिट बसते. क्लायंटसोबत निदान तीन महिने काम झालेलं पाहिजे, ती कंपनी निदान एक वर्ष चालू असलेली पाहिजे, आणि तुमच्याकडे डिग्री नाही तर तीन वर्षांचा अनुभव. स्पेनमधल्या कंपनीचं काम फ्रीलान्सरला करता येते पण एकूण कामाच्या २० टक्क्यांपर्यंतच, त्याच्या वर गेले की गाडी अडते. एकच क्लायंट असला तरी इथं भागते. जर्मनीत मात्र वर्षानुवर्षं एकाच कंपनीसाठी राबलात तर ते म्हणतात हा फ्रीलान्सर कसला, लपवलेला नोकर आहे, आणि मग सोशल सिक्युरिटीचं लफडं मागं लागते.

पैशाचं बोलायचं तर जर्मनीच्या फ्रीलान्सला कायद्यात एक ठरलेला आकडा नाही, खर्च भागेल हे पटवावं लागते. स्पेनमध्ये आकडा सरळ आहे, तिथल्या किमान पगाराच्या दुप्पट, २०२५ च्या हिशोबाने महिन्याला साधारण २,७६३ युरो. बायको सोबत न्यायची असेल तर किमान पगाराचे आणखी ७५ टक्के.

इथं मात्र आपल्याकडचा रिटर्न पाय अडवतो, आणि हे माझ्या रोजच्या कामातलं आहे म्हणून जरा नीट सांगतो. भाच्याची वर्षाची जमा ३६ लाख, म्हणजे महिन्याला तीन लाख. युरो शंभर रुपये धरला तर स्पेनला लागतात पावणेतीन लाखांच्या वर थोडे, म्हणजे आरामात बसते. पण पठ्ठ्याने तिन्ही वर्षं रिटर्न भरले कलम ४४एडीए मध्ये, जिथं जमा रकमेच्या निम्मा नफा धरून मोकळं होता येते. झालं, कागदावर उत्पन्न १८ लाख, महिन्याला दीड लाख! टॅक्स वाचला तेव्हा मिठाई घेऊन आला होता, आता तोच रिटर्न बघून चेहरा उतरला. यावर तोडगा म्हणजे नुसता रिटर्न पुढे करायचा नाही, सोबत सगळी बिलं, क्लायंटचा करार, आणि डॉलर आल्याचे बँकेचे दाखले लावायचे, ज्यावर पैसे कशाचे आले ते सांगणारा पर्पज कोड असतो, सॉफ्टवेअर कन्सल्टन्सीचा पी०८०२. बिलाची रक्कम आणि बँकेतली जमा जुळली पाहिजे. याच्या चार बिलांचे पैसे मित्राच्या खात्यातून फिरून आलेले, आता ते समजावत बसा.

अर्ज कुठून करायचा यातही फरक आहे, आणि यूट्यूब बघून लोक इथंच फसतात. अमेरिकन पोरं बर्लिनला उतरून तिथंच फ्रीलान्सचा अर्ज टाकतात, त्यांना ती सूट आहे, आपल्याला नाही. आपल्याला आधी इथून नॅशनल व्हिसा, म्हणजे लांब मुक्कामाचा, फी ७५ युरो, आणि महाराष्ट्र येते मुंबईच्या जर्मन कॉन्सुलेटकडे. स्पेनचं वेगळं आहे, कॉन्सुलेटमधून काढला तर एक वर्षाचा व्हिसा, आणि तिथं कायदेशीर मुक्काम चालू असताना आतूनच अर्ज केला तर तीन वर्षांपर्यंतचं परमिट. मात्र टूरिस्ट व्हिसावर जाऊन गुपचूप काम करत राहायचं हा दोन्हीकडे चालणारा रस्ता नाही. आणि वर्षात १८३ दिवसांच्या वर स्पेनमध्ये राहिलात की तिथला टॅक्स लागतो, "पैसे तर अमेरिकेतून येतात" हे कोणी ऐकून घेत नाही.

आता कोणाला काय? ज्याचे जर्मनीत खरेच गिऱ्हाईक आहेत, भाषा थोडीफार येते आणि तिथंच धंदा वाढवायचा आहे, त्याने फ्रीलान्सच्या मागं लागावं. ज्याचा क्लायंट बाहेरचा आहे आणि फक्त बसायची जागा बदलायची आहे त्याला नोमॅड. जर्मनीत नोमॅड नावाचा व्हिसाच नाही, त्यामुळे टेक्सासच्या जोरावर बर्लिन मला तरी जमत नाही दिसत.

भाच्याने तर्री पोहे खाता खाता बर्लिन सोडलं. मग मी विचारलं, डिग्री दे, अपोस्टिल करायला लागेल, म्हणजे परदेशात चालावी म्हणून सरकारी शिक्का. तर म्हणे डिग्री अजून विद्यापीठातून उचललीच नाही मामा, पाच वर्षं झाली, प्रोव्हिजनलवरच काम भागून राहिलं होतं.