मुस्लिम घरातली वयात येणारी पोरं, त्यांचे पिच्चर आणि आपला खानदेश

मुस्लिम घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरापोरींवरचे सिनेमे म्हटलं की बहुतेकांना एकदम सीक्रेट सुपरस्टार आठवतो, २०१७ चा, झायरा वसीमचा, आणि त्याच्या आधी काहीच नव्हतं असं वाटतं. पण तसं नाहीये, मागे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला एक महत्त्वाचा भाग तर आपल्या जळगावातच घडलाय, जो जळगावच्या आजच्या कॉलेजच्या पोरांनाही माहीत नसतो, म्हणून हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

सुरुवात होते मुस्लिम सोशल नावाच्या प्रकारापासून, म्हणजे मुस्लिम घरांतल्या प्रेमाच्या आणि लग्नाच्या गोष्टी सांगणारे हिंदी सिनेमे. मेहबूब खानचा नजमा १९४३ चा, त्यात अशोक कुमार डॉक्टरकी शिकणारा मुलगा, जीव एकीवर आणि बापाने लग्न ठरवलेलं दुसरीशी. म्हणजे घरच्यांच्या अपेक्षा हा विषय तेव्हापासूनच आहे बघा. पुढे १९६० ला चौदहवीं का चाँद, १९६३ ला मेरे मेहबूब. सगळीकडे लखनऊ नाहीतर अलीगढ, शेरवान्या, मुशायरे, झुंबरं आणि खानदानाची इज्जत. गाणी अजून ऐकते मी, पण त्यातल्या पोरांना फी भरायची चिंता नाही, बारावीत नापास व्हायची भीती नाही. आपल्याकडचे मुसलमान म्हणजे फळांच्या गाड्या लावणारे बागवान, बांगड्या भरणारे मण्यार, पिंजारी, खाटीक, रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी शेतात राबणारे तडवी, ज्यांच्या घरात अहिराणी नाहीतर तडवी बोली चालते. यातलं एकही घर त्या पडद्यावर नव्हतं. नवाबाच्या हवेलीलाच मुस्लिम घर समजायची सवय सगळ्या देशाला लागली ती तेव्हाच, आणि ती मोडायला फार वर्षं गेली.

ती पहिल्यांदा नीट मोडली एम. एस. सथ्यूंच्या गर्म हवाने, १९७३ चा सिनेमा, आग्र्यातलं बूट बनवणारं कुटुंब, फाळणीनंतरचे दिवस. बलराज साहनी सगळ्यांना आठवतात, पण माझ्या मते या विषयासाठी महत्त्वाचा आहे तो त्यातला धाकटा पोरगा सिकंदर, म्हणजे फारुख शेख, त्याचा पहिलाच सिनेमा. शिकलेला, नोकरीसाठी फिरतोय, मिळत नाहीये, घरातली मंडळी एकेक करून पाकिस्तानात चाललीये आणि याला इथेच राहायचंय. आणि त्याची बहीण अमीना, दोनदा लग्नाची आशा लागते आणि दोनदा तुटते, शेवटी ती जीव देते. भाऊ रस्त्यावर मोर्चात जाऊ शकला, बहिणीला घराबाहेर जायला जागाच नव्हती. हा फरक पुढच्या जवळपास प्रत्येक सिनेमात परत परत दिसतो.

मग येतं १९८२. त्या एका वर्षात सागर सरहदींचा बाजार आला आणि बी. आर. चोप्रांचा निकाह. बाजारमध्ये हैदराबादची शबनम, सुप्रिया पाठक, गरिबीपायी आखातातून आलेल्या मोठ्या वयाच्या माणसाला देऊन टाकलेली पोरगी. निकाह तलाकवर. दोन्ही सिनेमे मुस्लिम पोरीबायकांच्या हालांवर, आणि त्याच १९८२ मध्ये आपल्या जळगावात जमातीच्या पुढाऱ्यांनी फर्मान काढलं की मुस्लिम बायकांनी थिएटरात जाऊन सिनेमा पाहायचा नाही. ज्यांच्यावर पिच्चर निघत होते त्यांनाच पिच्चर बंद! याच्याविरुद्ध उभी राहिली रझिया पटेल, तेव्हा अगदी तरुण, छात्र युवा संघर्ष वाहिनी या तरुणांच्या संघटनेची कार्यकर्ती. तिने सिनेमाबंदीविरुद्ध आंदोलन केलं, स्वतःच्याच लोकांचा राग अंगावर घेतला. पुढे तिने चाहूल नावाचं आत्मकथन लिहिलं, मिळालं तर नक्की वाचा. मुद्दा फक्त सिनेमाचा नव्हताच. मुलीने काय पाहायचं, कुठे जायचं, कोणासोबत जायचं हे घराच्या आणि मोहल्ल्याच्या हातात ठेवायचं की तिच्या, हा होता, आणि आज ज्या सिनेमांना आपण वयात येण्याचे सिनेमे म्हणतो ते सगळे याच प्रश्नाभोवती फिरतात.

पुढचा टप्पा नव्वदीचा. श्याम बेनेगलांचा मम्मो १९९४ चा, त्यात मुंबईत आजीपाशी वाढणारा रियाज. आणि सईद मिर्झांचा नसीम, १९९५, शाळकरी मुलगी नसीम, म्हणजे आपल्या औरंगाबादची मयूरी कांगो, आणि तिचे आजोबा म्हणजे खुद्द कैफी आझमी. १९९२ च्या जून ते डिसेंबरची गोष्ट, आणि आजोबा जातात ते ६ डिसेंबरला, बाबरी मशीद पाडली त्याच दिवशी. दोन्ही सिनेमे मला जीव की प्राण आहेत, तरी एक सांगायला हवं की यात पोर मध्यभागी असलं तरी ते बघणारं आहे. देशाचं काय होतंय ते त्याच्या डोळ्यांतून आपल्याला दिसतं, त्याला स्वतःला काय पाहिजे ते फारसं कळत नाही.

ते आधी कळलं परदेशातल्या पोरांचं. ईस्ट इज ईस्ट, १९९९, इंग्लंडमधला पाकिस्तानी बाप ओम पुरी आणि त्याचं न ऐकणारी पोरं. आणि २०१७ चा नॉर्वेतला इरम हकचा व्हॉट विल पीपल से, दिग्दर्शिकेला स्वतःला चौदाव्या वर्षी घरच्यांनी जबरदस्तीने पाकिस्तानात नेलं होतं, त्यातून आलेला. त्यात आदिल हुसेनने केलेला बाप पाहाच. पोरीवर जीव आहे त्याचा, आणि तरी तो तिच्याशी जे करतो ते बघवत नाही.

सीक्रेट सुपरस्टारपाशी मी या बापाच्या मुद्द्यावरच अडते. बडोद्याची इन्सिया, आई गळ्यातला हार विकून तिला लॅपटॉप आणते, ती नकाब घालून गाणं अपलोड करते म्हणजे अब्बांना कळणार नाही. मग बापाला कळतं आणि तो तिलाच तो लॅपटॉप खिडकीतून खाली फेकायला लावतो. तो सीन बघताना घशात येतं, आणि नकाब लपायलाही कामी येतो आणि बोलायलाही, हे त्या सिनेमाने फार छान पकडलंय. पण बाप मात्र नुसता राक्षस. मारणारे बाप असतात, नाहीत असं नाही, सगळ्याच जातीधर्मात असतात. पण माझ्या वर्गात बागवानांच्या घरातली एक मैत्रीण होती, तिला नर्सिंग करायचं होतं आणि अब्बांनी डीएडला घातलं, पोरीच्या जातीला मास्तरकी बरी, रात्रीची ड्युटी नाही म्हणून. तेच अब्बा रोज सकाळी तिला सायकलवर डबल सीट बस स्टँडवर सोडायचे, बस हलेपर्यंत थांबायचे आणि मग मार्केटला जायचे. असा माणूस हिंदी सिनेमात मला क्वचित दिसतो. गल्ली बॉयमधला मुरादचा बाप थोडा त्या बाजूला जातो, पोराने ऐपतीपेक्षा मोठं स्वप्न बघू नये म्हणून ओरडणारा, कारण त्याला स्वतःला तुटायची भीती ठाऊक आहे.

आणि आपलं मालेगाव. कागदावर नाशिक जिल्हा, पण १८६९ ला तो जिल्हा होण्याआधी तो भाग खानदेशातच होता. सत्तावनच्या बंडानंतर उत्तरेतून आलेले विणकर, मग पॉवरलूम, दिवसरात्र खटखट आणि जुम्म्याला सुट्टी, त्या दिवशी पिच्चर. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेखने २००० च्या सुमाराला मालेगाव के शोले काढला, डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर, क्रेन नाही म्हणून कॅमेरा बैलगाडीवर. लूमवर काम करणारा शफीक त्यांच्याच पुढच्या एका पिच्चरमध्ये सुपरमॅन झाला. त्यांच्यावर फैझा अहमद खानची डॉक्युमेंटरी आली आणि २०२५ मध्ये रीमा कागतींचा सुपरबॉयज ऑफ मालेगाव थिएटरात लागला. घरच्यांना पोराने धंद्यात लक्ष घालावं असं वाटतंय आणि पोराला सिनेमा करायचाय, हे भांडण एवढ्या खरेपणाने मी दुसरीकडे पाहिलं नाही. नवाब नाही, झुंबर नाही, लूमच्या धुळीने भरलेली पोरं आहेत.

पण त्याच मालेगावच्या सिनेमांत हिरोइनीचं काम करायला गावातली बाई मिळायची नाही, बाहेरून आणावी लागायची. पोरांनी कॅमेरा हातात घेतला, त्यांच्या बहिणींनी नाही, निदान तेव्हा तरी नाही. आता मोबाईलवर खानदेशी कॉमेडीचे व्हिडिओ लाखो लोक बघतात आणि तिथेही मुख्य कामं पुरुषांचीच. म्हणून मला मनापासून वाटतं की या यादीत पुढचा सिनेमा जळगावच्या १९८२ वर यावा, आणि तो तिथल्याच एखाद्या मुलीने करावा.