मंदीच्या रात्रीचा माइक : बारमधील स्टँड-अपची पार्श्वभूमी

वस्तीतल्या बारमध्ये आठवड्यातून एका रात्री भरणाऱ्या ओपन माइकचे, म्हणजे कोणीही येऊन स्टँड-अप (एकट्याने उभे राहून बोलून लोकांना हसवणे) करून पाहावे अशा कार्यक्रमाचे, दृश्य बहुतेक ठिकाणी सारखेच असते. काउंटरजवळ एक वही ठेवलेली असते आणि तीत नवखे व सराईत दोघेही आपले नाव लिहितात. कोणाला तीन मिनिटे मिळतात, कोणाला पाच. वेळ संपत आली की खोलीच्या मागच्या बाजूने एक दिवा चमकवला जातो आणि तो दिसताच बोलणाऱ्याने आवरते घ्यायचे असते. मानधन नसते आणि ही रात्र बहुधा सोमवार किंवा मंगळवारची असते, शनिवारची जवळपास कधीच नसते. हा प्रघात विनोदाच्या ओढीतून रुजला असे सहसा सांगितले जाते, पण माझ्या मते त्याला आकार दिला तो परवान्याच्या कायद्यांनी आणि मद्यविक्रीच्या हिशेबाने.

या हिशेबाचे पहिले पान इंग्लंडमधील १८४३ च्या नाट्यगृह कायद्यात सापडते. या कायद्याने मनोरंजनाच्या जागांपुढे सरळ निवड ठेवली : नाटके करायची असतील तर प्रेक्षागृहात मद्य देता येणार नाही आणि मद्य द्यायचे असेल तर नाटके करता येणार नाहीत. परिणामी गाणी, नकला आणि एकट्यादुकट्याची बडबड पेल्यांच्या बाजूला राहिली. चार्ल्स मॉर्टन या पबमालकाने १८५२ मध्ये लंडनच्या लॅम्बेथ भागात आपल्या पबला लागून कँटरबरी हॉल उघडला आणि तिथून म्युझिक हॉलची, म्हणजे पेये घेत गाणी व नकला पाहण्याच्या जागांची, परंपरा जोमाने वाढली. या जागांमध्ये ‘अध्यक्ष’ नावाचा एक गृहस्थ हातात लाकडी हातोडा घेऊन टेबलाशी बसे. कलाकारांची ओळख करून देणे, गलका करणाऱ्यांना चार शब्द सुनावणे आणि मंडळींना आणखी पेये मागवायला लावणे ही सगळी कामे तोच करी. आजचा ओपन माइकचा निवेदक याहून फारसे वेगळे काही करत नाही, फक्त हातोडा तेवढा गेला.

अमेरिकेत उलट घडले. टोनी पास्टरसारख्या व्यवस्थापकांनी १८८० च्या दशकात कुटुंबांना नाट्यगृहात आणण्यासाठी मद्य आणि अश्लीलता दोन्ही बाहेर काढली आणि त्यातून वॉडेव्हिल, म्हणजे गाणी, नकला, कसरती अशा वेगवेगळ्या करामतींचा एकत्रित खेळ, फोफावले. वॉडेव्हिलचा विनोदी नट रंगीत पोशाख, जोडीदार किंवा वाद्य यांच्या आधाराने उभा राही. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरमध्ये १९२० च्या दशकात फ्रँक फे हा निवेदक मात्र साध्या सुटात, कोणतेही सामान न घेता, प्रेक्षकांशी नुसते बोलू लागला आणि म्हणूनच आधुनिक स्टँड-अपचे मूळ शोधताना त्याचे नाव वारंवार पुढे येते. हौशी कलाकारांच्या रात्रीही याच काळात लोकप्रिय होत्या. हार्लेममधील अपोलो थिएटरमध्ये १९३४ पासून चालत आलेल्या ‘अमॅच्युअर नाइट’मध्ये नावडत्या कलाकाराला प्रेक्षक ओरडून बाहेर घालवतात. नवख्याला रंगमंच द्यायचा, पण त्याच्या पडण्याचाही खेळ करायचा, हा सौदा तिथे उघडपणे मांडलेला होता.

बोलपट आले आणि वॉडेव्हिल विझले. पॅलेसमध्येही १९३२ मध्ये चित्रपट सुरू झाले. तोवर विनोदाचा मुक्काम पुन्हा पेल्यांपाशी हलू लागला होता. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात चोरट्या मद्यालयांमध्ये टेक्सास गिनान नावाची यजमानीण श्रीमंत गिऱ्हाइकांचे स्वागतच ‘या, भोळ्या सावजांनो’ अशा अर्थाच्या आरोळीने करी आणि त्यांनाच चिमटे काढून त्यांच्याकडून भरमसाट पैसे काढून घेई. समोरच्या टेबलावरच्या माणसाची फिरकी घेण्याची आजची रीत तिथवर मागे नेता येते. याच सुमारास ध्वनिवर्धकही रुळला. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज उरली नाही, तेव्हा विनोदाला कुजबुज, अर्धवट सोडलेले वाक्य आणि मुद्दाम लांबवलेली शांतता ही नवी हत्यारे मिळाली. माइकशिवाय ही कला कदाचित भाषणबाजीच राहिली असती.

दुसऱ्या महायुद्धानंतरचा टप्पा मात्र बारपेक्षा कॉफीगृहांशी जास्त जोडलेला आहे आणि त्यामागेही परवाना आहेच. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ या काळात मद्य देणाऱ्या नाइटक्लबमध्ये काम करायचे तर कलाकाराला पोलिसांकडून ‘कॅबरे कार्ड’ घ्यावे लागे आणि ते काढून घेतले गेले की त्याची रोजी बुडे. मद्य नसलेल्या कॉफीगृहांत तुलनेने मोकळीक होती. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘हंग्री आय’ या छोट्या क्लबात मॉर्ट साल हा विनोदवीर १९५३ मध्ये स्वेटर घालून आणि हातात वर्तमानपत्र घेऊन राजकारणावर बोलू लागला. लेनी ब्रूस या विनोदवीराला १९६१ मध्ये त्याच शहरात अश्लीलतेच्या आरोपाखाली अटक झाली. न्यूयॉर्कमधल्या खटल्यात १९६४ साली त्याला दोषी ठरवले गेले आणि त्या शिक्षेबद्दलची माफी २००३ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सदतीस वर्षांनी आली. ‘येईल त्याला माइक’ ही कल्पना मात्र विनोदवीरांची नव्हे. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेज भागातील लोकगायकांच्या ‘हूटनॅनी’ रात्रींमध्ये कोणीही उठून दोन गाणी म्हणू शके आणि तिथल्या गर्ड्‌स फोक सिटी या क्लबात ती रात्र सोमवारची असे, कारण सोमवारी धंदा बसलेलाच असतो.

बड फ्रीडमन यांनी १९६३ मध्ये मॅनहॅटनमध्ये उघडलेले ‘द इम्प्रूव्हायझेशन’ हेही मुळात रंगभूमीवरच्या मंडळींनी रात्री उशिरा येऊन गावे यासाठीचे कॉफीगृह होते. विनोदवीर तिथे नंतर शिरले आणि मग तेच मुख्य झाले. मागची विटांची उघडी भिंत तिथूनच या कलेची खूण बनली. ती कोणा नेपथ्यकाराची कल्पना नव्हती, भिंत झाकण्यापुरते पैसे नव्हते इतकेच.

पाच मिनिटांच्या मापालाही असेच व्यावहारिक कारण आहे. दूरचित्रवाणीवरील ‘टुनाइट शो’मध्ये विनोदवीराला साधारण तेवढीच जागा मिळे आणि तिथे एकदा हशा घेतला की नशीब उघडे. तो कार्यक्रम १९७२ मध्ये न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात गेला, त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये ‘द कॉमेडी स्टोअर’ सुरू झाले आणि होतकरूंची रीघ पश्चिमेकडे लागली. थोड्याच काळात क्लबाची सूत्रे मिट्झी शोर यांच्याकडे आली. त्यांचे म्हणणे असे, की ही जागा म्हणजे शाळा आहे आणि शिकणाऱ्याला पगार नसतो. गिऱ्हाईक मात्र प्रवेशाचे आणि पेयांचे पैसे मोजत होते. अखेर १९७९ च्या वसंतात कलाकारांनी संप केला, काही आठवडे दारापुढे फलक घेऊन उभे राहिले आणि प्रत्येक सेटमागे, म्हणजे मंचावरच्या प्रत्येक पाळीमागे, २५ डॉलर मान्य करून घेतले. शिकवणी कुठे संपते आणि नोकरी कुठे सुरू होते, हा प्रश्न त्या संपाने प्रथमच उघडपणे विचारला. क्लबांपुरते त्याचे उत्तर मिळाले, ओपन माइक मात्र आजही ‘शाळा’ याच नावाखाली विनामूल्य चालतो.

योगायोग असा, की त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये पीटर रोझनगार्ड आणि डॉन वॉर्ड यांनी सोहोमधल्या एका स्ट्रिप क्लबाच्या वरच्या मजल्यावर अमेरिकन क्लबाच्या धर्तीवर ‘द कॉमेडी स्टोअर’ याच नावाचा क्लब उघडला. कोणीही वर जावे, आवडले नाही तर घंटा वाजे आणि त्याने खाली उतरावे. पहिला निवेदक अलेक्सी सेल आणि त्याचा सहकारी टोनी ॲलन यांनी लगोलग ‘ऑल्टरनेटिव्ह कॅबरे’ ही मंडळी जमवून पबच्या मागच्या खोल्यांत प्रयोग सुरू केले. पबमालकाला ही खोली देणे परवडत होते, कारण ती एरवी रिकामीच असे. लंडनमधल्याच ग्रिनिचजवळच्या एका पबमध्ये माल्कम हार्डी यांनी १९८४ मध्ये सुरू केलेला ‘टनेल क्लब’ शेरेबाज प्रेक्षकांसाठी इतका कुप्रसिद्ध झाला, की तिथे टिकून राहणे हीच एक पात्रता मानली जाई. म्युझिक हॉल ज्या पबमधून निघाला होता तिथेच विनोद सव्वाशे वर्षांनी परतला, असे म्हणायला हरकत नाही.

अमेरिकेत १९८० च्या दशकात क्लबांचे पेव फुटले आणि पुढच्या दशकाच्या सुरुवातीला त्यातले अनेक बंद पडले. घरबसल्या दूरचित्रवाणीवर फुकट मिळणाऱ्या विनोदासाठी तिकीट आणि वर किमान दोन पेयांची सक्ती कोण सोसणार? क्लब मिटले, पण बोलणारे उरले होते. ते पुस्तकांच्या दुकानांत, उपाहारगृहांत आणि मुख्यतः बारच्या मागच्या खोल्यांत गेले. मालकाच्या दृष्टीने हिशेब सोपा होता : वीस जणांनी नावे लिहिली आणि प्रत्येकाने आपली पाळी येईपर्यंत एक-दोन पेले घेतले, तर मंदीच्या रात्रीचा खर्च निघतो, बाहेरचा प्रेक्षक आला तर तो वरकड.

या व्यवस्थेचा परिणाम बोलण्यावरही झाला आहे. समोर बसलेले बहुतेक जण स्वतःच पुढच्या पाळीची वाट पाहत असतात. कोणी वहीत खरडत असतो, कोणी ओठांतल्या ओठांत पुटपुटत असतो, काउंटरमागे बर्फ खळखळतो आणि नेमका पंचच्या, म्हणजे हशा पिकवणाऱ्या शेवटच्या वाक्याच्या, क्षणी कोणीतरी बिल मागतो. जुने जाणते नवख्याला पहिला सल्ला देतात तो विनोदाबद्दलचा नसतो : आधी माइक काढून घे आणि स्टँड बाजूला ठेव, नाहीतर पाचही मिनिटे लोकांना तुझ्यापुढे ती दांडी दिसत राहील. दुसरा सल्ला अलीकडचा आहे. वर जाण्याआधी फोन रेकॉर्डिंगला लावून स्टुलावर पालथा ठेवायचा. घरी गेल्यावर ऐकताना आपल्याला आठवणारा हशा त्यात बहुधा सापडत नाही, बर्फाचा आवाज मात्र स्पष्ट ऐकू येतो.