ओपनिंग निवडताना प्याद्यांकडे पाहा

मानसशास्त्रज्ञ विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला स्मरणशक्तीचा प्रयोग क्लबमध्ये बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रत्येकाने नीट समजून घ्यावा असा आहे. खऱ्या डावातील एखादी स्थिती, पटावर २५ च्या आसपास मोहरे, केवळ ५ सेकंद दाखवून झाकली आणि दुसऱ्या पटावर पुन्हा मांडायला सांगितली, तेव्हा मास्टर दर्जाच्या खेळाडूने सुमारे १६ मोहरे अचूक जागी ठेवले, चांगल्या क्लब खेळाडूने ८ आणि नवशिक्याने ४. मग मोहरे पटावर वाटेल तसे विखरून दाखवले, तर मास्टरची ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. याचा अर्थ मास्टरची स्मरणशक्ती मुळात अफाट नसते. किल्लेकोट केलेला राजा, शेजारचा हत्ती, पुढची तीन प्यादी आणि एफ३ वरचा घोडा हे नवशिक्याला सहा वेगळे मोहरे दिसतात, तर मास्टरला ती एकच ओळखीची गोष्ट दिसते.

ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचा, अभ्यास करताना आपण बहुतेकजण नेमके याच्या उलट करतो. चालींची लांबलचक माळ पाठ करतो, आणि त्या प्रत्येक चालीमागचे कारण माहीत नसेल तर ती माळ आपल्या मेंदूसाठी विखुरलेल्या मोहऱ्यांसारखीच असते. शिवाय फाटे किती फुटतात ते पाहा: दोन्ही बाजूंनी एकेक चाल केल्यावर ४०० स्थिती संभवतात आणि दोन-दोन चालींनंतर डाव १,९७,२८१ मार्गांनी पुढे गेलेला असू शकतो. त्यांतले बहुतेक मार्ग कोणी खेळत नाही हे खरे, पण पंधराव्या चालीपर्यंत पाठांतर केलेल्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्धी पाचव्याच चालीला अनोळखी वाट धरतो, हा क्लबमधला नेहमीचा अनुभव आहे.

म्हणून ओपनिंग निवडताना तिच्यातून प्याद्यांची कोणती रचना तयार होते, हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घोडे आणि उंट हवे तेव्हा मागे येऊ शकतात. पुढे गेलेले प्यादे परत येत नाही, आणि त्यामुळे मधल्या डावाची दिशा मुख्यतः प्यादीच ठरवतात.

एक रचना जवळून पाहू. चाली लिहिताना अक्षर म्हणजे पटाचा उभा स्तंभ, अंक म्हणजे आडवी ओळ; मोहऱ्याचे नाव नसेल तर चाल प्याद्याची, आणि प्रत्येक जोडीतली पहिली चाल पांढऱ्याची. क्वीन्स गॅम्बिट डिक्लाइन्ड या ओपनिंगमध्ये डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३ घोडा एफ६ अशा चाली झाल्यावर पांढरा सी-प्याद्याने डी५ वर मारतो आणि काळा ई-प्याद्याने परत मारतो. आता पांढऱ्याचे सी-प्यादे गेलेले आहे आणि काळ्याचे ई-प्यादे. आजच्या चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारीचे जुने नाव कार्ल्सबाड. तेथील स्पर्धेवरून या रचनेला कार्ल्सबाड रचना म्हणतात. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी काळ्याच्या तिघांसमोर उभी असतात, आणि तरीही पांढरा तिथेच बी४, मग बी५ असे प्यादे रेटतो, कारण सी६ वर मारामारी झाली की काळ्याचे तिथले प्यादे दुसऱ्या प्याद्याच्या आधाराविना उरते आणि अर्ध्या खुल्या, म्हणजे पांढऱ्याचे स्वतःचे प्यादे नसलेल्या, सी-स्तंभावर पांढऱ्याचे हत्ती त्याच्यावर नेम धरतात. यालाच मायनॉरिटी अटॅक, म्हणजे कमी प्याद्यांनी जास्त प्याद्यांवर केलेला हल्ला, म्हणतात. काळा स्वस्थ बसत नाही. तो ई४ वर घोडा रोवतो आणि राजाच्या बाजूने हल्ल्याची तयारी करतो.

हेच चित्र आता आरशात पाहा. कारो-कान या काळ्याच्या ओपनिंगमध्ये ई४ सी६, डी४ डी५ नंतर पांढऱ्याने डी५ वर मारले आणि काळ्याने सी-प्याद्याने परत मारले, की पुढे सी३ आणि ई६ या चालींनंतर रंगांची अदलाबदल होऊन तीच रचना तयार होते. या वेळी दोन प्याद्यांनी हल्ला करायचा असतो तो काळ्याने. लंडन सिस्टिम या पांढऱ्याच्या ओपनिंगमध्येही काळ्याने सी५ खेळून डी४ वर मारले आणि पांढऱ्याने ई-प्याद्याने परत मारले, तर हाच आराखडा समोर येतो. तेव्हा पांढऱ्याकडून क्वीन्स गॅम्बिट आणि काळ्याकडून कारो-कान खेळणाऱ्याचा अभ्यासाचा एक तास दोन्हीकडे कामी येतो. काळ्याच्या सिसिलियन ओपनिंगचा नायडॉर्फ प्रकार मला फार आवडतो, पण आठवड्याला दोन-तीन तासच हाताशी असलेल्याला मी तो सुचवणार नाही. तिथे एका चुकलेल्या चालीची शिक्षा फार मोठी असते.

डावपेचही अशा परिचयातूनच लक्षात राहतात. वरच्याच डावात घोडा सी३ घोडा एफ६ नंतर पांढऱ्याने उंट जी५ वर आणला, काळ्याने बी८ चा घोडा डी७ वर घेतला आणि मग डी५ वर प्याद्यांची मारामारी झाली, की एफ६ चा घोडा वजिरामुळे बांधला गेला आहे, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर जाईल, असे समजून पांढऱ्याला घोड्याने डी५ वरचे प्यादे खाण्याचा मोह होतो. काळा बेधडक त्या घोड्यानेच मारतो, पांढरा डी८ वरचा वजीर घेतो, आणि बी४ वरून उंटाचा शह बसताच पांढऱ्याला आपला वजीर डी२ वर आडवा घालण्यावाचून दुसरी चालच उरत नाही. हिशेब पुरा होतो तेव्हा एका प्याद्याच्या बदल्यात काळ्याकडे एक घोडा जास्त असतो.

मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. फ्रेंच किंवा सिसिलियन या ओपनिंगमध्ये मुरलेल्या खेळाडूंना त्यांनी स्वतःच्या आणि परक्या ओपनिंगमधून आलेल्या स्थिती सोडवायला दिल्या. परक्या स्थितीत त्यांची कामगिरी साधारण २०० एलो गुणांनी (खेळाडूची ताकद मोजणारे गुण) उतरल्यासारखी झाली. २०० गुणांचा फरक म्हणजे वरचढ खेळाडूला सरासरी चार डावांत तीन गुण मिळण्याची अपेक्षा. दर महिन्याला नवी ओपनिंग धरणारा खेळाडू हा फायदा आपल्या हाताने सोडून देतो.

शिकण्याच्या पद्धतीबद्दलही मानसशास्त्राचे म्हणणे बरेच स्पष्ट आहे. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, परंतु आठवड्याने घेतलेल्या चाचणीत वाचलेले आठवून लिहिण्याचा सराव केलेल्यांनी त्यांना मागे टाकले. पटावर याचा अर्थ असा की, पुस्तक मिटून चाली आठवून मांडाव्यात, प्रत्येकीचे कारण स्वतःला सांगावे आणि काही दिवसांचे अंतर सोडून पुन्हा तसेच करावे. त्याला जोड हवी ती डावानंतरच्या दहा मिनिटांची: आपली माहिती कोणत्या चालीला संपली ती जागा शोधायची, तिथे काय खेळायला हवे होते ते पाहायचे, आणि तेवढी एकच चाल कारणासह वहीत लिहायची. अशी वही कुठे जाड होते तर कुठे कोरीच राहते, कारण ती वाढते ती प्रतिस्पर्धी खरोखर ज्या वाटांनी येतात त्या वाटांवर.