कोकणातल्या जन्म-मृत्यू-लग्नाच्या जुन्या नोंदी अशा विखुरल्या का

वंशावळ काढायची म्हणून किंवा जातीच्या दाखल्यासाठी म्हणून माणूस पहिल्यांदा जातो तो गावच्या ग्रामपंचायतीत, आणि ग्रामसेवक दोन रजिस्टरं चाळून सांगतो की एवढं मागचं आमच्याकडे नाही. मग घरी येऊन सगळे ठरवतात की पूर्वी नोंदी होतच नव्हत्या. होत होत्या, चांगल्या होत होत्या, फक्त घराण्याच्या नावाने नाही. जन्म किंवा मृत्यू ज्या ठिकाणी झाला तिथे, आणि तेव्हा त्या ठिकाणी ज्याचा अंमल होता त्याच्या वहीत. कोकणात या दोन्ही गोष्टींचा एवढा गुंता आहे की मागचा इतिहास माहीत नसेल तर बरोबर कागद चुकीच्या ऑफिसात शोधण्यात वर्षं जातात.

आता ग्रामपंचायतीत का मिळत नाही ते आधी बघू. आज जो जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा आहे तो १९६९चा, महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याच्या आधी गावपातळीवर नोंद व्हायची ती महसूल खात्याच्या वहीत, गाव नमुना नंबर १४, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. ही बुकं आता बहुतेक करून तहसीलदार कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात, फडक्यात बांधलेल्या गठ्ठ्यात. तिथे अर्ज करायचा, तपासणीची परवानगी घ्यायची आणि नोंद सापडली की प्रमाणित नक्कल मागायची.

ही बुकं सुरू झाली ती काही तुमच्या-आमच्या वंशावळीसाठी नाही. रत्नागिरी १८१८ला इंग्रजांकडे गेली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारला आकडे हवे होते, पटकी (कॉलरा) किती गावांत पसरली, देवीने (देवीच्या रोगाने) किती पोरं गेली वगैरे. पोलिस पाटलाने लिहायचं, कोतवालाने वाडीवाडीतून बातमी आणायची. कोकणातल्या खोती गावांत देशावरच्यासारखी पाटीलकी नव्हती, खोताचा (गावचा सारा गोळा करणाऱ्याचा) कारभार, त्यामुळे कुठली वही कोण किती मनावर घेऊन लिहायचा हे गावागणिक बदलायचं. उद्देश मोजणीचा असल्यामुळे जन्माच्या नोंदीत बरेचदा मुलाचं नावच नसतं! तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, बस. बारसं व्हायच्या आधीच नोंद होऊन गेलेली असायची आणि नंतर येऊन नाव कोण भरणार. म्हणून आजोबांचं नाव घेऊन बुक चाळलं तर काहीच सापडणार नाही, पणजोबांच्या नावाने बघायचं आणि अंदाजाच्या दोन-चार वर्षांतली सगळी पोरं उतरवून घ्यायची.

आडनावाचंही तसंच, जुन्या पानांवर ते असेलच असं नाही. 'रामा बिन गोविंदा' म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा, 'सावित्री कोम बाळू' म्हणजे बाळूची बायको सावित्री. त्यात पुन्हा एका वाडीत तीन रामा आणि दोन गोविंदा. लिपी मोडी, आणि मोडी वाचणारा चांगला मिळाला तरी एकेका पाटलाच्या अक्षराची सवय व्हायला त्याला पण वेळ लागतो. मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात 'ताप' एवढंच दहादा, मध्येच 'पटकी', 'देवी', 'खोकला'. वय बहुतेक वेळा गोल आकडा, ४०, ५०, ६०, त्यावर फार विसंबू नये. १९१८ची वही मात्र मिळाली तर नीट बघा, मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ त्या वर्षीची, एका घरातली दोन-तीन माणसं लागोपाठ गेलेली दिसू शकतात. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, छापील कुलवृत्तांतात किंवा घरच्या वंशावळीत मुलगे तेवढे मांडलेले असतात, मुली गायब. कोतवाल बुकात मुलगी जन्मली तरी ओळ पडते. घराण्यात किती मुली होत्या हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचंय त्याला हेच बुक उपयोगी.

आता ठिकाणाचा गुंता. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे घरातल्या थोरल्याचा जन्म आजीच्या माहेरच्या गावच्या बुकात, आणि ते गाव दुसऱ्या तालुक्यात असेल तर अख्खी कचेरीच दुसरी. आजीचं माहेर कुठलं हे विचारायला घरात कोणी उरलं नसेल तर तिथेच गाडं अडतं. दुसरं म्हणजे मुंबई. गिरणीत, गोदीत, नाहीतर बोटीवर नोकरी, बिऱ्हाड परळ-लालबागच्या चाळीत, गावात फक्त गणपती आणि शिमगा. तिकडे जन्मलेला किंवा गेलेला माणूस गावच्या वहीत कशाला येईल? मुंबई महापालिकेचा कायदा १८८८चा, जन्म-मृत्यू नोंदवायचं काम त्यातच पालिकेवर टाकलेलं आहे, त्यामुळे या नोंदी वॉर्ड ऑफिसकडे मागायच्या. रत्नागिरी शहरासारख्या ठिकाणी पण नगरपालिका जुनी, १८७६ची, म्हणजे शहरातला जन्म असेल तर पालिकेतच आधी विचारलेलं बरं.

तिसरा गुंता राज्याचा. सावंतवाडी आणि जंजिरा ही दोन्ही संस्थानं १९४८पर्यंत वेगळी होती, म्हणजे मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा पट्टा नवाबाकडे आणि शेजारचं अलिबाग इंग्रजांकडे. आंग्र्यांचं कुलाबा संस्थान १८४०लाच खालसा झालेलं. दोन गावांमध्ये एक खाडी असेल पण दप्तर दोन राज्यांचं. नंतर १९८१ला रत्नागिरी फोडून १ मे रोजी सिंधुदुर्ग झाला, त्याच वर्षी कुलाब्याचं नाव रायगड झालं. त्यामुळे मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाने १९८१च्या आधीचा जिल्हा कचेरीतला कागद शोधताना रत्नागिरी विसरायची नाही, आणि कुठल्याही यादीत 'कुलाबा' दिसलं तर ते मुंबईतलं समजून पान उलटायचं नाही.

लग्नाचं बघायला गेलं तर हिंदूंच्या बाबतीत सरकारी वही म्हणून जवळजवळ काही नाहीच. हिंदू विवाह कायदा १९५५चा, पण नोंदणी केली नाही म्हणून लग्न बाद होत नाही, मग कोण कशाला करतंय. सगळ्यांनी नोंदणी करा असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं तेसुद्धा २००६ला. त्याच्या आधीचा पुरावा घरातच, लग्नपत्रिका, दोन्हीकडच्या देण्याघेण्याची याद, आणि माझ्या मते सगळ्यात भारी म्हणजे आहेराची वही. कुणी किती रुपये दिले, कुणी खण, कुणी भांडं, आणि पुढे गावाचं नाव. त्या एका वहीतून मामाकडचे, आत्याकडचे, सगळे सोयरे गावासकट कळतात. लोक ती रद्दीत देतात आणि तांब्याचा हंडा मात्र जपून ठेवतात!

ख्रिस्ती लोकांचं याबाबतीत फार बरं. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ला लग्नाची वही ठेवायचा नियम केला, आणि वसई तर १५३४पासून १७३९पर्यंत पोर्तुगीजांकडेच होती, त्यामुळे चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफन अशा वेगवेगळ्या वह्या ठेवायची पद्धत रुजली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापाबरोबर धर्म-आईबाप पण असतात, ते बहुतेक नात्यातलेच, म्हणजे पुढचा धागा आयता. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीजमधल्या, तेवढी तयारी ठेवायची. कोकणी मुसलमानांत निकाहाची नोंद काझीच्या दप्तरात नाहीतर जमातीकडे, मेहरच्या रकमेसकट. दापोलीला इंग्रजांचा कॅम्प होता, तिथल्या गोऱ्या लोकांचा शोध असेल तर मुंबई इलाख्याच्या पाद्र्यांनी पाठवलेल्या नोंदींच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि सावंतवाडीकडच्या ज्यांची सोयरीक गोव्यात आहे त्यांनी तिकडे नक्की बघावं, पोर्तुगीजांनी १९१०च्या दशकापासून हिंदूंसकट सगळ्यांची नागरी नोंदणी चालू केली होती.

कोतवाल बुक वाळवीने खाल्लंय किंवा पावसात भिजून पानं चिकटलीत असं उत्तर आलं (कोकणात हे उत्तर येतंच) तरी मृत्यूची तारीख दुसरीकडून निघू शकते. जमिनीची हक्कनोंद मुंबई इलाख्यात १९०३च्या कायद्याने आली, तेव्हापासून खातेदार मेला की वारस लागतात आणि फेरफारात (हक्क बदलल्याच्या नोंदीत) लिहिलं जातं की अमुक इसम अमुक तारखेस मयत, वारस मुलगे, विधवा, मुली. कोकणात सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावं म्हणून आपण वैतागतो, पण वंशावळ काढणाऱ्याला तीच नावं सोन्यासारखी. फेरफाराची तारीख आणि मृत्यूची तारीख यात दहा-वीस वर्षं पण जाऊ शकतात, भाऊबंद एकत्र येऊन अर्ज करेपर्यंत. शाळेचं जनरल रजिस्टर पण बघायचं, मात्र त्यात जन्मतारीख १ जून असेल तर ती गुरुजींनी दिलेली आहे असं धरून चाला. शाळा जूनमध्ये सुरू, तारीख कुणाला माहीत नाही, लिहून टाकली.

वर्षाचाच पत्ता नसेल तर घरच्या म्हाताऱ्यांना सन विचारण्यात काही अर्थ नाही, त्यांना तिथी पाठ असते कारण श्राद्ध घालायचं असतं, वर्ष नसतं. त्यापेक्षा तेव्हा काय झालं होतं ते विचारा. रामदास बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ला, रेवसच्या वाटेवर, सहाशेवर माणसं गेली. त्याच्या आधी जयंती आणि तुकाराम बुडाल्या १९२७ला. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. 'रामदास बुडाली त्याच्या आदल्या गणपतीत आजोबा गेले' एवढं कळलं की १९४६चं बुक मागता येतं. पत्रिकेवर शके असेल तर त्यात ७८ मिळवायचे, पौषाच्या पुढची तिथी असेल तर बहुतेक ७९.

आणि जुनी नोंद सापडलीच नाही तर नोंद मिळाली नाही असा अनुपलब्धतेचा दाखला तरी लेखी घ्या, कारण वर्ष उलटून गेलेल्या जन्म-मृत्यूची नोंद नव्याने करायची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि तिथे हा कागद मागतात.

२०२३नंतर एक फरक पडलाय. मराठा समाजाला कुणबी दाखले देण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, त्या निमित्ताने वर्षानुवर्षं न सोडलेले गठ्ठे सुटले, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइटवर गावनिहाय स्कॅन केलेली पानं आली. आधी तिथे आपलं गाव बघून घ्या, फुकट आहे. पण तो शोध कुणबी नोंदींचा होता, त्यामुळे त्याच बुकातली इतर पानं वेबसाइटवर असतीलच असं नाही. तुमच्या घराण्याची जात वेगळी लागलेली असेल तर वेबसाइटवरून फक्त कुठल्या गावचं कुठल्या वर्षांचं बुक शिल्लक आहे एवढं टिपून घ्यायचं आणि अर्जात तेच लिहायचं. 'जुन्या नोंदी मिळाव्यात' असा मोघम अर्ज केला तर उत्तर पण मोघमच येतं.