पाणवठ्यावरचे खेळ आणि नाच (कोल्हापूर)

नदी, तळे किंवा विहिरीच्या काठी सगळ्या गल्लीने मिळून उघड्यावर खेळण्या-नाचण्याची कोल्हापूर परिसरातील प्रथा. शहराला समुद्र नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांची पंचगंगा हाच इथला किनारा. अरबी समुद्र जवळ असूनही तिचे पाणी पूर्वेला वळते आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराकडे जाते.

वर्षातला पहिला मान आषाढाचा. नदीला नवे पाणी आले की मंगळवारी आणि शुक्रवारी गल्लोगल्लीची मंडळी ते कलशांत भरतात. डोक्यावर कलश घेतलेल्या मुली आणि पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर नाचणारी पोरे टेंबलाईच्या टेकडीवर जातात आणि त्र्यंबुली म्हणजेच टेंबलाई देवीच्या पायऱ्यांवर ते पाणी ओततात.

बायकांचा खरा उत्सव मात्र भाद्रपदात, गौरीच्या आवाहनाला. तेरड्याची रोपे आणि कळशी घेऊन त्या पंचगंगेच्या घाटावर किंवा रंकाळा तलावावर येतात, पूजा करतात आणि तिथेच फेर धरतात. फुगडीत दोघी हातांची अढी घालतात, पावले जवळ ठेवून अंग मागे झोकतात. एकीचा भार दुसरीने पेलला तरच गिरकी टिकते. वाद्य लागत नाही. तोंडाने घातलेला पकवा, म्हणजे ठेक्यातला आवाजच ताल धरतो. झिम्म्यात डाव्या-उजव्या शेजारणीला टाळी देत फेर फिरतो. एक जण ओळ सांगते, बाकीच्या ती उचलतात. माहेर, सासर, भाऊ, गौर हे विषय जुनेच, पण सांगणारी त्यात आपली ओळ घालते, शेजारणीचे नावही गोवते. ही निर्मितीच या खेळांचा प्राण आहे. पिंगा, काटवट काणा, घागर घुमवणे, सूप नाचवणे हे खेळ गौरीच्या जागरणात रात्रभर चालतात. त्यांची तालीम नागपंचमीपासूनच सुरू झालेली असते. आजी-काकू दारात खेळतात, त्यांचे बघून पोरी शिकतात.

अलीकडे झिम्मा-फुगडीच्या स्पर्धा सभागृहांत भरतात. त्यांमुळे विस्मरणात चाललेले प्रकार पुन्हा खेळले जाऊ लागले, हे मोलाचे आहे. पण मंचावर पाणी नसते, आणि कळशी भरायला नदीवर जाणे हा या खेळाचा अर्धा भाग आहे. घराघरांत नळ आल्यावर ज्यांचे पाय एरवी काठाला लागत नाहीत, त्यांना नदीचा रंग, वास आणि चढउतार या निमित्तानेच कळतो. पंचगंगेचे आणि रंकाळ्याचे प्रदूषणही मग त्यांच्या घरचा विषय होतो.

पावसाळा लांबला तर घाट पाण्याखाली असतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे; तिकडे डोळे लावूनच गौरीचा बेत ठरतो. वाट बंद असेल तर गौर जवळच्या विहिरीवरून किंवा नळावरून आणतात आणि फेर गल्लीतच धरतात.