पार्श्वभूमी: आकडा गुन्ह्यांचा की नोंदींचा?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा अहवाल आला की राज्यांची क्रमवारी लागते आणि केरळचा गुन्हेदर (लाख लोकसंख्येमागे गुन्हे) उत्तर प्रदेशापेक्षा जास्त कसा, असा प्रश्न दरवर्षी नव्याने पडतो. उत्तर बरेचसे पोलीस ठाण्याच्या टेबलावर सापडते.

देशपातळीवरची ही आकडेवारी १९५३ पासूनची. १९८६ मध्ये एनसीआरबी स्थापन झाली, पण ती स्वतः काहीच मोजत नाही. ठाण्याने दाखल केलेले गुन्हे जिल्ह्यातून राज्याकडे आणि तिथून दिल्लीला जातात. म्हणजे सगळी भिस्त ठाणे अंमलदारावर. खिशातून मोबाइल मारला गेला तरी अर्जात ‘गहाळ’ लिहायला सांगितले, की चोरी कमी झाली. मारहाणीची एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद करून तक्रारदाराला कोर्टाचा रस्ता दाखवला, की तीही एफआयआरच्या हिशेबातून गेली. यामागे निव्वळ आळस नसतो. गेल्या वर्षीपेक्षा गुन्हे वाढले की आढावा बैठकीत इन्स्पेक्टरची हजेरी घेतली जाते. आकड्यांवरून कामगिरी जोखण्याच्या या सवयीवर राष्ट्रीय पोलीस आयोगाने (१९७७-८१) तेव्हाच बोट ठेवले होते. सवय काही गेली नाही.

मोजण्याची रीतही आकडा बदलते. एका एफआयआरमध्ये अनेक कलमे असली तरी सर्वांत गंभीर तेवढेच धरले जाते. त्यामुळे बलात्कार करून खून झाला, तर तो वर्षानुवर्षे फक्त खुनात मोजला गेला. त्यासाठी वेगळा रकाना फार उशिरा आला.

नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येणाऱ्या गुन्ह्याचा एफआयआर सक्तीचा केला. दिल्लीत २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेखालचे सुमारे ८० हजार गुन्हे नोंदले गेले होते. पुढच्याच वर्षी ते दीड लाखावर गेले. वर्षभरात दिल्लीतले चोर दुप्पट झाले, असे कोणी म्हणणार नाही. गुन्हे वाढणे आणि नोंदी वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा खुलासा एनसीआरबी स्वतःच करते. मथळ्यात मात्र तो येत नाही.

शिवाय अहवाल रखडतो. २०१७ चा ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, २०२३ चा सप्टेंबर २०२५ अखेर. दर काढताना लोकसंख्याही २०११ च्या जनगणनेवरून अंदाजलेली.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्यात, कुठल्याही ठाण्यात आणि ऑनलाइनही तक्रार देण्याची सोय आहे. त्याच कलम १७३ मध्ये, तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवस प्राथमिक चौकशी करण्याची मुभाही ठाणेदाराला मिळाली आहे.