पोळी वरणात भिजू लागते तेव्हा

आजोबांनी पोळी वरणात कुस्करून खायला सुरुवात केली, तर घरात कोणी त्याची फारशी दखल घेत नाही. दात गेले आहेत, कवळी नीट बसत नाही, वयच झाले, असे म्हणून विषय संपतो. काही आठवड्यांनी ताटातली भाकरी नाहीशी होते, मग भात मऊ होतो आणि शेवटी प्रत्येक घासासोबत पाण्याचा पेला लागतो. अन्ननलिकेचा कर्करोग बहुतेकदा असाच, ताटातून हळूच वर येतो, आणि हा आजार मुख्यतः साठी-सत्तरीतला असल्यामुळे त्याची लक्षणे म्हातारपणाच्या नावावर सहज खपून जातात.

अन्ननलिका म्हणजे घशापासून जठरापर्यंत जाणारी सुमारे २५ सेंटीमीटर लांबीची स्नायूंची नळी. ती ताणली जाते, हाच तिचा गुण रुग्णाला फसवतो. आतला मार्ग साधारण १३ मिलिमीटरपेक्षा अरुंद होईपर्यंत पोळीचा घास कसाबसा उतरत राहतो, त्यामुळे अडखळणे जाणवते तेव्हा गाठ बरीच वाढलेली असते. शिवाय आतड्यांवर असते तसे सेरोसा नावाचे बाहेरचे पातळ आवरण अन्ननलिकेच्या बहुतेक भागावर नसल्याने रोगाला शेजारच्या अवयवांकडे आणि लसिकाग्रंथींकडे सरकायला आडकाठी कमी होते.

जगभरात २०२२ मध्ये या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण नोंदले गेल्याचा अंदाज आहे आणि त्याच वर्षीचे मृत्यू सुमारे ४ लाख ४५ हजार. या दोन आकड्यांमधले अंतर इतके कमी आहे, यातच रोगाचे गांभीर्य दिसते. नव्या रुग्णांच्या संख्येनुसार हा कर्करोग अकराव्या क्रमांकावर असला, तरी मृत्यूंच्या यादीत तो सातवा आहे.

या आकड्यांना दुसरीही एक बाजू आहे आणि ती वाचताना भलेभले चुकतात. १९९० ते २०१७ या काळात वयाचा फरक काढून मोजलेला, म्हणजे वयोप्रमाणित, नव्या रुग्णांचा दर जगभरात सुमारे एक पंचमांशाने खाली आला. त्याच काळात नव्या रुग्णांची प्रत्यक्ष संख्या मात्र जवळपास दीडपट झाली. यात विरोधाभास नाही. समजा, नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वस्तीत एक हजार ज्येष्ठ होते आणि हजारात पाच जणांना एखादा आजार व्हायचा. पुढे धोका घटून हजारात चारवर आला, पण ज्येष्ठ दोन हजार झाले, तर रुग्ण पाचाचे आठ होतात. दर घटल्याचे समाधान जरूर मानावे, पण रुग्णालयाला खाटा लागतात त्या आठ माणसांसाठी. साठी ओलांडलेल्यांची जागतिक संख्या २०५० पर्यंत २१० कोटींवर जाईल असा अंदाज असताना हा हिशेब सोपा होणार नाही.

वय वाढल्यावर धोका का वाढतो, याचे एक उत्तर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून मिळाले. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तराचे बारीक तुकडे तपासल्यावर दिसले, की मध्यमवय गाठेपर्यंत त्या अस्तराचा मोठा भाग जनुकीय बदल झालेल्या पेशींनी व्यापलेला असतो. गंमत अशी, की त्यात सर्वाधिक आढळणारा नॉच-१ या जनुकातला बदल प्रत्यक्ष कर्करोगाच्या गाठींमध्ये मात्र तुलनेने कमी दिसतो. म्हणजे बदललेली प्रत्येक पेशी शत्रू नसते; पण वर्षे साचतात तसे बदलही साचतात आणि त्यांवर तंबाखू, दारू किंवा सततची जळजळ यांचा मारा होत राहतो.

हा मारा सगळीकडे सारखा नाही. उत्तर इराणपासून मध्य आशियामार्गे चीनपर्यंतचा पट्टा आणि आफ्रिकेचा पूर्व-दक्षिण भाग येथे स्क्वेमस सेल कार्सिनोमा, म्हणजे अस्तराच्या चपट्या पेशींतून उपजणारा प्रकार, जास्त आढळतो आणि जगातले बहुसंख्य रुग्ण याच प्रकारचे आहेत. पाश्चात्त्य देशांत लठ्ठपणा व वर्षानुवर्षांच्या आम्लपित्ताशी जोडलेला अडेनोकार्सिनोमा, म्हणजे ग्रंथीसारख्या पेशींतून उपजणारा दुसरा प्रकार, पुढे आला आहे. इराणच्या गोलेस्तान प्रांतात सुमारे ५० हजार लोकांच्या चहाचे तापमान मोजून त्यांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला गेला; ६० अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांमध्ये स्क्वेमस प्रकाराचा धोका, कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्के जास्त आढळला. दोष चहाचा नव्हे, तापमानाचा. टपरीवरचा कट बशीत ओतून पिणाऱ्या जुन्या माणसांना हे कोणी सांगितले नव्हते, तरी त्यांची सवय चांगली होती.

नागपुरात मात्र चहाच्या आधी खर्र्याकडे पाहावे लागते. पानठेल्यावर प्लॅस्टिकच्या पन्नीत कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना घेऊन तो बराच वेळ घोटला जातो, आणि तीच पुडी दिवसभर खिशात राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, खर्र्याची पन्नी मात्र गेली नाही. खर्रा म्हटले की सर्वांना तोंडाचा कर्करोग आठवतो. पण जो रस थुंकला जात नाही तो याच नळीतून खाली उतरतो, आणि धूरविरहित तंबाखूमुळे अन्ननलिकेचाही कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे.

निदान दुर्बिणीने, म्हणजे एंडोस्कोपीने, आणि तुकडा तपासून होते. त्यानंतर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "या वयात उपचार झेपतील का?" जन्मतारखेवरून याचे उत्तर देणे मला चुकीचे वाटते. जिना चढता येतो का, वजन किती उतरले, हृदय आणि फुप्फुसे कशी आहेत, स्मरणशक्ती कशी आहे, यांवरून शस्त्रक्रिया, किरणोपचार, केमोथेरपी किंवा केवळ घास उतरावा म्हणून बसवलेली स्टेंटची जाळी यांपैकी काय योग्य ते ठरते. वजन मात्र निदानाआधीच घटलेले असते आणि खंगलेल्या शरीराला मोठी शस्त्रक्रिया पेलत नाही.

म्हणूनच त्रास कधी सुरू झाला हे नेमके कळणे महत्त्वाचे ठरते, आणि तारीख विचारली तर ज्येष्ठांना ती सहसा सांगता येत नाही. सण मात्र आठवतात. पोळ्याला पुरणपोळी खाल्ली होती का, आणि ती पाण्याशिवाय उतरली होती का, असे विचारले की पुष्कळदा घरातल्या आजींनाच उत्तर ठाऊक असते.